दार होतं, मूठ नव्हती

...हसा, खुशाल हसा! आईला काचेआड कोंडून बाहेर नाचायची पाळी तुमच्यावर कुठे आलीय? तुम्हाला सांगतो, आमच्या चांग्शा शहरातला जुलै म्हणजे तापलेली कढई, आणि गाडी कोणी आणली? मी! बायको, य्विनश्या, सांगत होती, "अहो, दाराला साधी मूठ असलेली घ्या ना..." मी म्हणालो, "मूठ? बैलगाडी घ्यायचीय का?" विक्रेता तर काय मधाळ! "साहेब, मूठ आत लपते, गाडी वारा कापत जाते!" अहो, बाजार ते घर, मध्ये सिग्नलच सिग्नल... मला वारा कापून जायचंय कुठे?

तर त्या दिवशी आईला मागे बसवलं, मांडीवर कलिंगड, एसी चालू, आणि मी उतरलो लाओ तानच्या टपरीवर, बदकाच्या माना घ्यायला. वळून बघतो तर गाडी मेलेली! बॅटरी बसली. दिवा नाही, गार हवा नाही, आणि मूठ? आत! दार कसलं, गुळगुळीत भिंत हो! नखं लावली, किल्ली खुपसली, शेवटी हात जोडले... आतून आई बटण दाबतेय, काही नाही! बॅटरी गेली तर दार उघडायला हाताने ओढायची दोरी म्हणे दाराच्या कप्प्यात झाकणाखाली असते. असेल! माहितीपुस्तक मी उघडलं असतं, तर मला कळलं असतं ना!

आई लालबुंद. ओठ हलतायत, ऐकू काही येत नाही. म्हटलं संपलं, म्हातारी शेवटचं काही सांगतेय... आणि गाडी कोणी आणली? मी! तेवढ्यात लाओ तान धावला, "रडताय काय? सरका!" आणि सुऱ्याची पाठ घातली हो काचेवर, दणादण, भुगा होईपर्यंत! दोघांनी ओढून बाहेर काढली तिला. मी पायांवर पडलो. "आई, काय सांगत होतीस गं?" तर म्हणते, "टोपी घाल म्हणत होते मेल्या, ऊन लागेल!"

मला! ऊन मला लागेल!

त्यावर गावभर सांगत सुटली, "माझंच बोट चुकीच्या बटणावर पडलं." मी म्हणतो, "आई, चूक माझी!" "गप रे, तू कशाला चुकशील?" अहो, शिव्या दे ना! दोन थोबाडीत मार! तर नाही... मग बातमी आली, नव्या गाड्यांच्या दारांना आतून-बाहेरून हाताने उघडणारी मूठ हवीच, सरकारी नियम! मी उड्या मारत वाचून दाखवली, "बघ, दोष गाडीचा होता!" आईने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई... माझ्या एका बोटापायी सरकारला केवढा त्रास!"

ती गाडी विकली, दुसरी आणली. मूठ कशी, पातेल्याच्या कानासारखी ठसठशीत! आई बसते, बसते की... पण काच खाली करून, हात बाहेर काढून, मूठ घट्ट धरून! येणारेजाणारे बघतात, जणू मी म्हातारीला पळवून नेतोय. थंडी सुरू झाली, तरी हात बाहेरच. किती समजावलं...

शेवटी एक हातमोजा आणून दिला.