कुठवर आलास

वकिलांच्या खोलीबाहेर बाकावर नवरा-बायको बसले होते. टायपिस्टबाईंचे हात मशीनवर होते, कान मात्र बाकाकडे.

“कारवाला फोनवर बोलत होता, एवढं सिद्ध झालं की भरपाई नक्की, म्हणाले वकील.”

“आणि आपला पोरगा?”

“त्याचं काय? बाइक चालवताना फोन खिशात होता, असं सांगितलंय त्यानं.”

“खिशात नव्हता.”

“तुला काय माहीत?”

“मीच लावला होता. कुठवर आलास, विचारायला. ‘आई, आलोच,’ म्हणाला आणि मग नुसता धडाड आवाज.”

“इतके दिवस बोलली नाहीस?”

“तुम्ही कुणी विचारलंच नाही.”

“बरं. आत गेल्यावर यातलं काही काढू नकोस.”

“तोही हेच म्हणाला. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोलला, माझा हात धरून.”