तबकडीतलं हसू

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. समोरच्या बाकावरच्या बाईंनी त्यांना आवाजावरून ओळखलं.

"काका, गाजलेल्या गाण्यांची टर उडवणाऱ्या तबकड्या काढायचे, ते तुम्हीच ना?"

"जरा मोठ्यानं बोल, बाळ. कानाचं यंत्र बसवायलाच आलोय."

"म्हटलं, तुमचं ते रडक्या प्रेमगीताचं विडंबन! घरात आजारपण असो नाहीतर भांडण, आई तेच लावायची. तुमच्यामुळे तरलो आम्ही."

"माझ्यामुळे कसलं! मी आपला पातेली बडवत गळा काढायचो."

"आणि शेवटी ती बाई खो खो हसत सुटते ना, तिथे तर आम्ही भावंडं गडबडा लोळायचो."

"ती आमची ही. रेकॉर्डिंग चालू असताना डबा घेऊन आत आली आणि तिला हसूच आवरेना. रेकॉर्डिंगवाला कपाळाला हात लावून म्हणाला, पुन्हा घेऊ. मी म्हटलं, राहू दे. बाकी सगळी नक्कल, एवढंच काय ते अस्सल."

"काकू कशा आहेत?"

"गेली गं, गेल्या वर्षी. पण तुमच्या घरात इतकी वर्षं हसत होती म्हणायची! फार बरं वाटलं. मी रोज तबकडी लावतो, पण कानच साथ देत नाहीत."

"काका, तसं हसायला मला येतं. हुबेहूब. शेवटी उचकी लागते ना, तिच्यासकट."

"उचकीसकट?"

"शाळेत त्यापायी मारसुद्धा खाल्लाय."

"मग हस बघू. आणि जरा मोठ्यानं हं, यंत्र अजून बसायचंय."