शेजाऱ्याच्या चपला

अस्वानच्या कौटुंबिक कोर्टात पंखा एक आणि भांडणं शंभर. माझ्या पुढच्या बाकावर शाझली नावाचा होडीवाला आणि नगात नावाची त्याची घटस्फोटित बायको पुकाऱ्याची वाट बघत होते.

“बसमाचे बाबा, या फाटक्या चपला कुणाच्या?”

“माझ्याच.”

“टाच बाहेर आलीय, म्हणे माझ्याच!”

“शेजाऱ्याच्या. जज्जसाहेबांना दया यावी म्हणून. पर्यटक नाहीत, होडी काठाला बांधलेली. पोटगी निम्मी झाली नाही तर होडी विकावी लागेल, नगात.”

“होडी बांधलेली मी रोज बघते. पण हे सोंग पकडलं तर जज्जसाहेब होडीचंही खोटं मानतील. तुमच्या चपला कुठायत?”

“पिशवीत.”

“घाला. पर्यटक येईपर्यंत निम्मी चालेल, असं मीच सांगते. मात्र दर शुक्रवारी बसमाला होडीवर मासे तळून घालायचे.”

“एवढंच? घालीन की!”

“बारा वर्षांची झालीय. एका बैठकीत सहा खाते.”

“सहा! अगं, मग पोटगीच स्वस्त पडेल!”

“आता कळलं? चला, पुकारा झाला. आणि ती डावी चप्पल आहे, डाव्या पायात घाला.”