डोमाजीच्या घरावरची हिरवळ

आता तिकीट कायचं जी? तुमाले सांगतो, ज्या किल्ल्यात डोमाजी जन्मला, जमुना लगन होऊन आली ते तिथंच, लेकरं झाली ते तिथंच, त्याच किल्ल्याच्या दरवाज्यात खिडकीतला माणूस म्हणे, आजोबा, आधी तिकीट... घ्या! किल्ला झकास केला, त्यात वाद नाही. बुरूज नवे, दिवे पिवळे, नदीकडून फोटो काढाले अकोल्याहून गाड्या येऊन राहिल्या. पण दुरुस्तीपायी आतली घरं उठवली, अन् डोमाजीले अंजनगाव रोडले क्वार्टर देलं. पक्कं घर, नळ, पंखा... अजून काय पायजे माणसाले? जमुनाले काय पायजे होतं कोण जाणे, तिथं गेल्यावर तिची यादच जात चालली. सुनेले म्हणे, तू कोणाची व? दुपारभर दारं उघडून पाहे, नदी कोणी नेली म्हणे. शेवटी सून सीमाच म्हणाली, मामाजी, एकडाव दाखवून तरी आणा. म्हणून हा बुढा तिचा हात धरून एसटीनं घेऊन आला.

किल्ला झकास केला, पण डोमाजीले आपलं घरच सापडेना. आंगण होतं तिथं हिरवळ, गोठा होता तिथं बाक... आता माणसानं आपला उंबरठा हुडकावा तरी कुठी? तो हुडकतच राहिला, अन् जमुना तटाच्या झरोक्याशी गेली, खाली नदी पाहिली, अन् तिथंच फतकल मारून बसली. हातानं गवत सारवून राहिली, सांगतो तुमाले.

झालं. शिट्टी. गार्ड धावत आला, आजी, गवतावर बसणं मना आहे म्हणे. डोमाजीनं त्याले बाजूले घेऊन सारं सांगतलं, इथं हिची चूल होती म्हणून. गार्ड बी कोणाचा तरी लेकच, त्यानं शिट्टी खिशात टाकली. किल्ला झकास केला, पण अशा टायमाले काय करावं, हे त्याच्या नियमात थोडीच लिहेल होतं?

जमुनानं वर पाहिलं. म्हणाली, "बसा भाऊ, चहा ठेवते."

गार्ड बसला. मंग तिनं डोमाजीकडं पाहिलं, लय वेळ पाहिलं, अन् डोक्यावर पदर घेऊन गार्डले हळूच म्हणाली, "तुमच्या संगचे बुढेबाबा काहून उभे जी? त्यायलेबी बसू द्या."

डोमाजी टोपी काढून बसला, पाहुण्यासारखा. म्हणाला, "माह्या चहात साखर कमी टाका, बाई."