पहिल्या रांगेतली खुर्ची आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या

...नाही, नाही, तुम्हीच सांगा, डब्यावर चिठ्ठी लावणं हा काय गुन्हा आहे? 'साखर' लिहिलं की आत साखर, 'मीठ' लिहिलं की मीठ, बस्स! एवढंच तर मागतोय मी! पण आमच्या नाट्यगृहात म्हणे मी हुकूमशहा! तिथले दिवे, पडदा, आवाज, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, आणि त्या कॉम्प्युटरला कधी काय करायचं ते सांगायला मी एक छोटीशी भाषा बनवली. माझी स्वतःची! अगदी सोप्पी, आमच्या लाइटवाल्या काकांनासुद्धा लिहिता यावी अशी. तिथेच चुकलं हो! सोपी केली ना, की लोक लिहायला लागतात!

तर त्या भाषेत व्हेरिएबल असतात. उठू नका, बसा, सोपं आहे, व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेला डबा. 'उजेड' नावाच्या डब्यात पन्नास घातले की दिवा अर्धा, शंभर घातले की लख्ख. पण आत काय घालायचं त्याला काही धरबंधच नव्हता! काकांनी उजेडात काय लिहावं? 'जरासा'! वर मला म्हणतात, "अरे, म्हणजे फार नाही आणि अगदीच कमीही नाही, एवढं कळत नाही होय त्याला?" नाही कळत हो काका! मशीन म्हणालं, हा आकडा नाही, म्हणजे शून्य. मिट्ट काळोख! आणि त्या काळोखात आमची बायको, ती नटी आहे, तेव्हा दोन-चार वाक्यांची कामं करायची, ती बिचारी म्हणतेय, "अगंबाई, काय लख्ख सकाळ झालीय!" लोक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. आणि काका? "नंतर लागला ना दिवा? चालतंय ना? मग राहू दे!"

राहू दे! इथे माझं डोकं फिरतं!

आता ऐका. या वेळी बायकोला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली. पहिल्यांदा! आजवर तिचं प्रत्येक नाटक मी विंगेत मशीनपाशी बसून बघितलंय, म्हणजे काय बघितलंय, तिची पाठ बघितलीय! ती म्हणाली, "या वेळी तू पहिल्या रांगेत बसायचंस. मला समोर तू हवायस." असं म्हणाली आणि डोळे भरून आले तिचे. मी म्हटलं, बसणार! आकाश कोसळलं तरी बसणार! पण मी बसायचं तर मशीन एकट्याने चाललं पाहिजे, ते एकट्याने चालायचं तर चुका आधीच धरल्या पाहिजेत... म्हणून चिठ्ठ्या! उजेडाच्या डब्यावर 'अंक', गाण्याच्या डब्यावर 'शब्द', पडद्यावर 'हो-नाही'. भलतंसलतं घातलं की मशीन प्रयोगाआधीच बोंब मारणार.

झालं! काकांनी उजेडात घातले पाचशे. "अंकच आहे ना रे?" अंकच आहे हो! मग मी चिठ्ठी वाढवली, 'अंक, शून्य ते शंभर'. तेवढ्यात आवाजवाल्या ताई आल्या. "या प्रवेशात गाणंच नाहीये, मग मी काय लिहू?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी लिहिलंसुद्धा, 'गाणं नाही'. शब्दच आहेत की! मशीन बिचारं अख्ख्या कपाटात 'गाणं नाही' नावाचं गाणं शोधत बसलं! मग चिठ्ठी आणखी वाढवली, 'शब्द किंवा रिकामं'. मग काका म्हणाले पडद्याला 'अर्धा' पाहिजे. दिला. शेवटी कंटाळून म्हटलं, बाबांनो, आपापल्या चिठ्ठ्यांचे प्रकार आपणच बनवा! ही माझ्या आयुष्यातली घोडचूक. काकांनी 'संध्याकाळ' हा प्रकार बनवला. ताईंनी 'हळवं' बनवला. मी विचारलं, ताई, हळवं म्हणजे किती? "ते मनाला कळतं." अहो, मनाला कळतं, वायरीला कळायला नको? "चालतंय ना? मग राहू दे!"

आणि दिग्दर्शक! ते दाढी खाजवत म्हणाले, "माझ्यासाठी एक प्रकार कर. 'त्या दिवशी ठरवू'." हातच जोडले मी. म्हटलं, तेवढं सोडून बोला!

प्रयोगाचा दिवस. नवा शर्ट, पहिली रांग, मधली खुर्ची. तिसरी घंटा झाली... आणि पडदा हलेना. लोक टाळ्या वाजवायला लागले, वैतागाच्या! मी उड्या मारत विंगेत. मशीनवर काय? 'शेवटचा उजेड रिकामा आहे. सुरू करणार नाही.' बायको पडद्यामागे पांढरीफटक. दिग्दर्शक शांत! "अरे, शेवटी किती लागेल ते शेवटी कळणार ना?" मी म्हटलं, साठ घालतो. "साठ भडक आहे." पन्नास? "पन्नासात जीव नाही." अहो, बाहेर लोक माझा जीव घेतील! पंचावन्न ठोकले आणि पळालो. पडदा वर गेला, मी खुर्चीत पडलो.

आणि काय प्रयोग झाला! काय प्रयोग झाला! एक चूक नाही! मला हुंदका आवरेना, शेजारच्या बाईंनी रुमाल दिला. संपल्या संपल्या धावत रंगपटात गेलो. ती कापसाने रंग पुसत होती.

"कसं झालं माझं काम?"

"अप्रतिम!"

"आणि तो आईच्या निरोपाचा प्रवेश?"

"अगं, काय सांगू! चाळीसवरून बारावर असा अलगद उतरला की..."

"कोण उतरला?"

"...उजेड."

तिने कापूस खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं, मेलो. "सगळं नाट्यगृह माझ्याकडे बघतंय, आणि माझा नवरा छताकडे! दिवे मोजतोय! अख्खा प्रयोग मी तुझ्या हनुवटीकडे बघून केला! निरोप घेताना रडले ना मी, ते खरं रडले!"

बोला आता! उद्याच्या प्रयोगाला तिने मला टोपी आणलीय. पुढे हा एवढा छज्जा. म्हणाली, "ही घालायची. मान वर केलीस तरी टोपीच दिसेल." बसणार हो, बसतो, सांगतोय कुणाला! वरचे दिवे काही दिसायचे नाहीत... म्हणजे उजेड बरोबर पडला की नाही, ते आता मला तिच्या तोंडाकडेच बघून ठरवावं लागणार!