चक्की अजून कपाटाखालीच आहे

...आणि वर मलाच विचारते, “अप्पच्चन, घरात माणसं किती?”

आता मांजर द्यायचंय की रेशनकार्ड? तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो, कोट्टयम ते कुमळी, खाली घाट वर घाट, बावन्न बसलेले आणि तीस लोंबकळणारे, पण एकालाही कधी विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या घरात माणसं किती. आणि ही पोरगी, जिस्मी तिचं नाव, चोवीसची असेल नसेल, भटक्या मांजरांच्या शेल्टरमध्ये टेबलामागे बसून मला, कुरुविलाला, अप्पच्चन म्हणजे आजोबा म्हणून वर असं विचारतेय जसं काही मी मांजर सोडवायला जामीन म्हणून आलोय. म्हटलं, लिही एक. “एकच?” म्हटलं, मग दोन लिही, पण त्यातला एक फोटो आहे, भिंतीवर आहे, माझी बायको शोशाम्मा. पोरगी हसली नाही. मी पण हसायला नको होतं, पण सवय... माझे विनोद बत्तीस वर्षं खपले, बसमधून उतरायची सोय नव्हती ना लोकांना.

तर तुम्ही विचाराल, या वयात मांजर कशाला? मला पण मुलानं हेच विचारलं. म्हणजे विचारलं नाही, मेसेज टाकला. मुलगा जिबिन, कॅनडात असतो. चांगला आहे हो, वाईट बोलायचं नाही मला. गेल्या वर्षी शोशाम्मा गेली तेव्हा आला, बारा दिवस राहिला, ढसाढसा रडला, आणि जायच्या आदल्या दिवशी घरात दोन कॅमेरे बसवून गेला. एक हॉलमध्ये, एक ओसरीवर. म्हणाला, “अप्पा, आता काळजी नाही.” आणि खरंच, त्याची काळजी मिटली. आधी दर रविवारी फोन यायचा, तोही बंद झाला. मी लावला तर म्हणतो, “अप्पा, मीटिंगमध्ये आहे. आणि तुम्ही ठीक आहात की. बघतो ना मी कॅमेऱ्यात.”

बघतो ना मी कॅमेऱ्यात! अरे तू बघतोस, पण मी कुणाकडे बघू? त्या लाल दिव्याकडे? पहिला महिनाभर मी रोज सकाळी त्या दिव्याला हात करायचो, नव्या कपड्यांत समोरून जायचो, एकदा तर केस कापून आलो तेव्हा मुद्दाम दोन्ही बाजू दाखवल्या. काही नाही. मग एक दिवस कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. म्हटलं, आता तरी घाबरेल, बाप पडला की काय म्हणून फोन करेल. चौथ्या दिवशी मेसेज आला. “अप्पा, टॉवेल काढा.”

आणि आम्हा ख्रिस्ती लोकांत संध्याकाळची जपमाळ असते, ती एक वेगळीच पंचाईत. अर्धी ओळ एकानं म्हणायची, उरलेली दुसऱ्यानं. अडतीस वर्षं मी सुरू करायचो आणि शोशाम्मा पुरी करायची, तेही एक डोळा चुलीवरच्या मासळीकडे ठेवून. आता सुरू मीच करतो आणि पुरी मीच करतो. म्हणजे एकट्यानंच कंडक्टर व्हायचं, ड्रायव्हर व्हायचं, प्रवासी पण व्हायचं, आणि गाडी जागची हलत नाही. एकटं वाटतं हो. त्यात लाजायचं काय, सरळ सांगतो. म्हणून मांजर.

तर चक्की आली, आमच्याकडे मांजरीला लाडानं चक्कीच म्हणतात. करड्या पट्ट्यांची, एका कानाला खोक, कुठल्याशा बाजारात मासळीच्या टोपल्यांखाली सापडलेली. आणि तिच्याबरोबर जिस्मीच्या सूचना आल्या, दोन पानं भरून. एका खोलीतच ठेवा. खोका द्या लपायला. वाळूचा ट्रे एका कोपऱ्यात, जेवण दुसऱ्या कोपऱ्यात. डोळ्यांत डोळे घालून बघू नका. स्वतःहून उचलू नका. पाहुणे बोलावू नका. पाहुणे! पोरी, तू लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर इथे रांग लागते ना.

चक्की पिंजऱ्यातून निघाली ती थेट कपाटाखाली. शोशाम्माचं शिसवी कपाट, त्याच्याखाली वीतभर जागा, तिथून दोन डोळे चमकतात, बाकी मांजर नाहीच. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रात्री वाटीतला मासा संपलेला असायचा, म्हणजे कुणीतरी राहतं एवढा पुरावा. जिस्मी रोज संध्याकाळी सातला फोन करायची, पंधरा दिवस करायचाच असा त्यांचा नियम. म्हणाली, “अप्पच्चन, तिच्याजवळ जमिनीवर बसा आणि हळू आवाजात काहीतरी म्हणत राहा. तुमच्या आवाजाची सवय होऊ दे.” आता काय म्हणू? पेपर वाचला तर त्यात नुसत्या मरणाच्या बातम्या. मग मला जे झोपेतही येतं ते सुरू केलं. कोट्टयम. मणर्काड. पांपाडी. वाळूर. पोन्कुन्नम. तुम्हाला सांगतो, गुडघे बोंबलत होते, फरशी थंडगार, मी कपाटाकडे पाठ करून बसलोय आणि थांबे पुकारतोय, कांजिरप्पळ्ळी, उतरा, उतरा लवकर... आणि मुंडक्कयमला ती उतरली. बाहेर आली. माझ्या गुडघ्याला नाक लावलं, बसली, आणि पुढचा पूर्ण घाट, कुमळीपर्यंत, तिथेच बसून राहिली.

तिसरा दिवस तो. चौथ्या दिवशी माझ्या पोटावर झोपली. पाचव्या दिवशी कासिम मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला तर माझ्याआधी फाटकाशी. कासिम म्हणाला, “चेट्टा, मालकीण आली वाटतं घरात.” म्हटलं, आली बाबा.

मग आता तुम्ही म्हणाल, झालं की, रडतोस कशाला? अहो इथेच तर घोटाळा झाला. पाचव्या दिवशी सात वाजता जिस्मीचा फोन. मी सांगणारच होतो, हे बघ, आत्ता माझ्या मांडीवर आहे, घोरतेय. तेवढ्यात ती म्हणाली, “रुळली का अप्पच्चन? रुळली असेल तर फाइल बंद करते, म्हणजे रोज फोन करून तुम्हाला त्रास नको.”

त्रास. आता मला सांगा, बत्तीस वर्षांत मी एक तिकीट चुकीचं फाडलं नाही. पण तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर पडलं, “नाही गं. अजून कपाटाखालीच आहे.”

आणि मांडीवरच्या चक्कीनं डोळा उघडून माझ्याकडे बघितलं हो. बघितलं!

बस्स, सुरू झालं. जिस्मी बिचारी काळजीत. “खाते का?” थोडंसं. “फिस्कारते का अंगावर?” फिस्कारते. “तुम्ही काय करता मग?” आणि मी सांगत बसायचो, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, ती “हं, हं” करत ऐकायची, मागे मांजरांचा कल्ला, भांडी आपटल्याचे आवाज, कुणीतरी हाका मारतंय, सगळं घर भरल्यासारखं वाटायचं. जपमाळ साडेसातला ढकलली मी. देवाला म्हटलं, थोडं सांभाळून घे. आणि हॉलमधल्या कॅमेऱ्यात जिबिनला काय दिसत असेल? बाप मांडीवर मांजर घेऊन फोनवर सांगतोय की मांजर कपाटाखाली आहे. त्याला आवाज ऐकू येत नाही म्हणून वाचलो. त्याचा एक मेसेज आला, “छान दिसतंय मांजर. बघतो ना मी कॅमेऱ्यात.”

पण खोटं तरी किती बोलणार? मांजर घाबरतं म्हणजे काय काय करतं, ते सगळं माझं आठव्या दिवसापर्यंत सांगून झालं. खाली फिस्कारली, वर फिस्कारली, पडद्यावर चढली, ट्रेबाहेर घाण केली... ही तर बदनामी होती, चक्कीनं एकदाही केली नव्हती, त्या दिवशी मी तिला एक मासा जास्त दिला. मग नवव्या दिवशी जिस्मीनं विचारलं, “आज काय केलं तिनं दिवसभर?” आणि मला काही सुचेना. डोकं रिकामं. समोर मीच होतो. तर म्हटलं, आज ना, अर्धंच जेवली. बाकीचं ठेवून दिलं, नंतर खाऊ म्हणून, आणि खाल्लंच नाही. “मग?” चार वाजल्यापासून फाटकाकडे तोंड करून बसली. कुणी येणार नाही हे माहीत असून बसली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दिवसभर तोंडातून आवाज काढला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी, जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या आहेत, त्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसते. जिस्मी सगळं लिहून घ्यायची. पेनाचा आवाज यायचा मला फोनमध्ये. आणि एक दिवस पेन थांबलं.

“अप्पच्चन, ही घाबरलेली नाहीय,” म्हणाली. “ही एकटी पडलीय. तिला भरलेलं घर पाहिजे. पाला गावात एक कुटुंब आहे, पाच माणसं, मांजर मागतायत. मी रविवारी येऊन तिला घेऊन जाते.”

घ्या! आता बोला. खरं सांगावं तर फाइल बंद, फोन बंद. नाही सांगावं तर चक्की पालाला. दोन्हीकडून मीच उतरायचा! शनिवारभर मी घरात फेऱ्या मारल्या आणि चक्की माझ्या मागोमाग फेऱ्या मारत होती, शेपटीचा झेंडा वर करून, एकदम खुशीत. शेवटी ठरवलं, ती कपाटाखाली गेली तर जिस्मीच्या हाताला लागणार नाही. रविवारी सकाळी खाली मासा ठेवला. गेली, मासा खाल्ला, बाहेर आली. मग मी फरशीवर बसून परतीची फेरी सुरू केली. कुमळी. पीरुमेडू. मुंडक्कयम. कांजिरप्पळ्ळी... म्हटलं, आली तशी परत जाईल. तुम्हाला सांगतो, तिनं एक लांबलचक जांभई दिली आणि माझ्या मांडीवर चढून बसली.

आणि फाटक वाजलं.

जिस्मी आली, हातात पिंजरा, डोक्यावर हेल्मेट. मी जागेवरून उठू शकलो नाही. कसा उठणार, मांडीवर मांजर, चारी पाय वर, पोट उघडं, कासिमच्या मासळीनं चांगलं गोल झालेलं. पोरीनं चक्कीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पिंजरा खाली ठेवला, पिशवीतून वही काढली, आणि समोरच्या खुर्चीत बसून स्वतःशीच वाचायला लागली. “जेवण अर्धंच. चारपासून फाटकाकडे तोंड. दिवसभर आवाज नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत...” इथे थांबली. ती त्याच खुर्चीत बसली होती.

“चक्की आज काय जेवली?” म्हणाली.

दोन मासे, म्हटलं.

“आणि तुम्ही?”

आता कसं सांगू तुम्हाला. साधा प्रश्न आहे. बत्तीस वर्षं रोज शेकडो लोकांशी बोललेला माणूस मी, पण गेल्या वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी चक्कीचा कान खाजवत बसलो. पोरगी उठली, स्वयंपाकघरात गेली, झाकण उघडल्याचा आवाज आला, झाकण ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती, अख्खी, एक गोळी काढलेली नाही. पट्टी टेबलावर ठेवली आणि पिंजऱ्याकडे वळली.

म्हटलं, “थांब. नेऊ नकोस तिला. खोटं बोललो मी. ती तिसऱ्याच दिवशी रुळली. कर फाइल बंद. फोन नको करूस, पण हिला नेऊ नकोस.”

जिस्मीनं वही उघडली, काहीतरी लिहिलं, पिंजरा उचलला, रिकामा, आणि हेल्मेट घालून निघाली. फाटकापाशी मी विचारलं, काय लिहिलंस? तर वाचून दाखवलं. “अजून रुळलेली नाही. रोज फोन करणे.”

नियम पंधरा दिवसांचा आहे. आज एक्केचाळिसावा. मी काही तिला आठवण करून दिलेली नाही. सातला फोन येतो. “अप्पच्चन, चक्कीनं जेवण केलं का?” केलं. “काय?” पेज आणि पापड. “सगळं संपवलं?” संपवलं. “रक्तदाबाची गोळी घेतली तिनं?” आता मांजराला कुठे रक्तदाब असतो हो? पण वहीत लिहून घेते बया, रोज.

काल मी वैतागून सांगितलं, नाही घेतली, थुंकून टाकली तिनं, कडू लागते.

तर म्हणते, “मग पिंजरा घेऊन येऊ का, अप्पच्चन? या वेळी मोठा आणते.”

घेतली गोळी. काय करतो.