साहेब दिवसेंदिवस खाली चालले होते

मामांनी केलं. सगळं मामांनी केलं! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'पोरानेच काहीतरी उपद्व्याप केला असणार' असं तोंड करून बसायला नको तुम्हाला... ते तिसऱ्या रांगेतले काका, तुम्हालाच म्हणतोय, तुमचा चेहरा अगदी माझ्या मामांसारखा आहे. शिकलेला चेहरा.

आमचं दुकान आहे खुर्च्या दुरुस्तीचं. ऑफिसच्या खुर्च्या हो, फिरणाऱ्या, चाकांच्या. बसल्या बसल्या खाली जाते बघा एखादी, म्हणजे दहाला तुम्ही टेबलाच्या उंचीवर असता आणि साडेदहाला हनुवटी कीबोर्डवर! त्याला आम्ही म्हणतो गॅस गेला. बुडाखाली एक नळकांडं असतं, त्यातला गॅस गेला की माणूस खाली. नळकांडं बदलायचं, वीस मिनिटांचं काम. हे मी बाबांकडून शिकलो आणि कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं? तुम्हाला सांगतो, तिथे एक सर त्यांच्या जुन्या वहीतून बघून फळ्यावर लिहायचे आणि आम्ही फळ्यावरून बघून आमच्या वहीत लिहायचो... वहीतून वहीत! मधे मी कशाला?

बाबांनी हातात पाना दिला. मामा बोलले. मामा म्हणजे पस्तीस वर्षं एकाच ऑफिसात एकाच टेबलाला बसून निवृत्त झालेला माणूस, भिंतीवर दोन पदव्या, दोन्ही फ्रेममध्ये. घरी येतात, माझ्या हातातल्या पान्याकडे बघतात आणि माझ्या आईला म्हणतात, "ताई, हुशार होता गं." होता! मी समोर उभा, जिवंत! आणि बाबा मान डोलावतात. का? तर शिकलेला माणूस आहे ना!

शेवटी बाबांनी अट घातली. म्हणाले, "तुला धंदाच करायचाय ना? मग एक मोठं काम स्वतः आणून दाखव. आणलंस तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही आणलंस तर नवीन वर्ष सुरू होताना मुकाट्याने फॉर्म भरायचा." मी म्हटलं, चालेल.

आणि आणलं मी! विम्याचं ऑफिस, तीन मजले, दोनशे चाळीस खुर्च्या, वर्षभराच्या देखभालीचं काम. सहा चकरा मारल्या. पहिल्या तीन चकरांत वॉचमनने आत सोडलं नाही, चौथ्यांदा त्याचीच खुर्ची नीट करून दिली, मग आत गेलो. तिथले मॅनेजरसाहेब, भला माणूस, म्हणाले, "आधी माझी खुर्ची करून दाखव. बसलो की खाली जातो. चार महिने झाले, सगळे बघतात, कुणी बोलत नाही." मी तिथेच खुर्ची उलटी केली. जागेसाठी टेबल सरकवायला ते मोकळं करावं लागलं, तर साहेब बिचारे आपली पाण्याची बाटली, फायली आणि बायकोचा फोटो छातीशी धरून बाजूला उभे. मी केलेल्या कामाचा फोटो काढतो नेहमी, तसा काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. हो, फोटो मीच काढला. तेवढा गुन्हा कबूल. साहेब बसले, गिरक्या घेतल्या दोन, आणि म्हणाले, "सोमवारी ये, कागद तयार ठेवतो. सही करून टाकू."

हे शुक्रवारी. सोमवारी सही. मधे किती दिवस? दोन! दोन दिवस मामांना गप्प बसता आलं असतं की नाही, तुम्हीच सांगा?

रविवारी सकाळी मामा हजर. त्यांनी कसलंसं शिबिर केलं होतं, 'व्यावसायिक नेटवर्किंग'. ती नोकरीधंद्याची साइट असते ना, जिथे सगळे कोट घालून एकमेकांचं अभिनंदन करत असतात, त्याच्यावर मामांचे दोन हजार लोक. म्हणे आपल्या दुकानाचं पान उघडू. उघडलं. मी लिहिलं, 'ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करून मिळतील.' मामांनी चष्मा काढला. "ही काय भाषा आहे? भिंतीवर लिहितोयस का? तिथे मोठमोठी माणसं असतात. त्यांना गोष्ट लागते, भावना लागते. तू हो बाजूला." मी म्हटलं, मामा, मोठमोठी माणसंसुद्धा खुर्चीवरच बसतात, त्यांना खुर्ची म्हटलेलं कळतं. तर बाबा माझ्यावरच डाफरले, "ऐक की जरा! शिकलेला माणूस आहे."

मी झालो बाजूला. दोन खुर्च्या पोचवायच्या होत्या, गेलो. आणि मागे मामांनी काय लिहिलं? पाठ झालंय मला, ऐका.

"एका नामांकित कंपनीच्या मॅनेजरसाहेबांची खुर्ची कित्येक दिवस डळमळत होती. वरून सगळं आलबेल. पण साहेब दिवसेंदिवस खाली चालले होते. हाताखालच्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण? आतून सगळं पोकळ झालं होतं. अखेर आम्हाला बोलावणं आलं आणि आम्ही वेळेवर आधार दिला. तुमचीही खुर्ची धोक्यात आहे का? निःसंकोच संपर्क साधा."

आणि खाली तो फोटो! उलटी पडलेली खुर्ची, मोकळं टेबल, आणि शेजारी छातीशी बायकोचा फोटो धरून उभा असलेला माणूस!! शिवाय मामा शिबिरात शिकले होते, ज्याच्याबद्दल लिहाल त्याचं नाव जोडा, म्हणजे त्याच्या ओळखीच्या सगळ्यांना दिसतं. जोडलं. साहेबांचं नाव, कंपनीचं नाव, कंपनीच्या मोठ्या साहेबांचंही नाव... शिकलेला माणूस आहे ना, अर्धवट काम कशाला करेल?

दुपारपासून लोक धावून आले. "सर, धक्काच बसला." "सर, तुमच्यासारख्या माणसावर ही वेळ यावी?" "एक दार बंद झालं की दुसरं उघडतं, सर." आणि मामा, शिबिरात सांगितलं होतं प्रत्येकाला उत्तर द्या, म्हणून एकेकाला उत्तर देतायत! एकाने विचारलं, 'नक्की काय झालं साहेबांना?' मामा: 'गॅस गेला होता. वापराने होतं असं.' दुसऱ्याने विचारलं, 'साहेबांच्या जागी आता कोण?' मामा: 'वरून जुनंच आहे, फक्त आतला माल बदललाय.' तिसरा चिडून लिहितो, 'कुणाचं कारस्थान हे?' मामा: 'आमचं! दुकान सकाळी नऊ ते सात.'

मी परत आलो तर दोघे सोफ्यावर, मोबाइल मधे, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद की माझ्या निकालाच्या दिवशी कधी बघितला नव्हता. "नऊ हजार लोकांनी वाचलं रे!" मी वाचलं. म्हटलं, मामा, हे काढा. आत्ताच्या आत्ता काढा. लोकांना वाटतंय साहेबांची नोकरी गेली! मामा हसले. ते हसू तुम्हाला सांगतो... कीव आल्यासारखं. "चर्चा होतेय, बाळा. याला पोहोच म्हणतात. तुला नाही कळायचं." आणि बाबा म्हणाले... काय म्हणाले असतील?

बरोबर. तेच म्हणाले.

फोन आले, खोटं कशाला बोलू? अकरा. एकाला नवीन साहेबांपासून आपली खुर्ची वाचवायची होती, "तुमची ओळख कुठपर्यंत आहे?" एक बाई आवाज बारीक करून म्हणाल्या, "तुम्ही खुर्ची घट्ट करता तशी ढिलीपण करून देता का हो? आमच्या मॅडमची करायची होती." खऱ्या खुर्चीचा एक फोन नाही. एक!

सोमवारी दहाला गेलो. वॉचमनने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाच्या तरी मयतीला उशिरा आलोय. आत साहेब, मी केलेली खुर्ची भिंतीकडे ढकललेली, स्वतः पाहुण्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. म्हणाले, "काल चार वाजता मोठ्या साहेबांचा फोन. म्हणाले, तुझी खुर्ची धोक्यात आहे हे मला एका दुरुस्तीवाल्याकडून कळायचं? सहा वाजता सासऱ्यांचा. म्हणाले, काही दिवस इकडेच या राहायला. आज सकाळी माझ्या हाताखालच्या दोघांनी माझ्या जागेसाठी अर्ज केलाय. मी इथेच बसलोय, आणि त्यांनी अर्ज केलाय!"

मी म्हटलं, साहेब, चूक झाली, मामांनी लिहिलं, ते पान काढायला लावतो, पण काम मी चांगलं करतो ना? खुर्ची नीट झाली ना?

"झाली," म्हणाले. "तुझ्यासारखं काम कुणी केलं नव्हतं. पण पोरा, आता या कागदावर मी सही केली तर सगळे म्हणतील, बघा, यांनीच वाचवलं होतं त्याला. मग खरंच जाईल माझी." आणि कागद खणात ठेवला. हळू ठेवला हो, फाडला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन सांगितलं. मामांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलो. पस्तीस वर्षांत एकदा तरी म्हणतील! तर चष्मा पुसत म्हणतात, "बघ, म्हणून शिक्षण लागतं. शिकलेला असतास तर ते साहेब असे हलक्यात घेते तुला?" आणि बाबा... बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाले, "अट ठरली होती."

ठरली होती. मी कधी नाही म्हटलं?

फॉर्म ऑनलाइन असतो आता. मामांनीच भरून दिला.

दोनशे चाळीस खुर्च्यांचं काम गेलं. येत्या सोमवारपासून सकाळी सातला वर्ग आहे, दुसरं वर्ष, तेच सर.